दुपारी तळे बोलत नाही

मृग कोरडा गेला. आर्द्राही अर्ध्या सरल्या. सकाळी साडेपाचला आमच्या गल्लीत टँकर शिरतो, पण त्याआधी त्याचा आवाज शिरतो. आधी मागे घेतानाची पिपाणी, मग रबरी नळी रस्त्यावर आपटल्याचा आवाज, मग टाकीच्या तळावर पाण्याची धार. धार लागली की गल्लीतली भांडणे थांबतात. पाणी पडत असताना लातुरात कोणी मोठ्याने बोलत नाही, ही माझी जुनी नोंद आहे. रेल्वेने पाणी आले त्या वर्षीही हेच पाहिले होते.

टँकर गेल्यावर दोन-तीन मिनिटे काहीच ऐकू येत नाही. मग समोरच्या सरकारी इमारतीकडून टिटवी ओरडते. तुटक, घाईने, कोणी अंगावर आल्यासारखी. खिडकीतून इमारत दिसते, तिचे वाहनतळ दिसते, फाटकाजवळचा कडुनिंब दिसतो. तिथे पूर्वी गवळी तळे होते. आज त्या इमारतीत काम करणाऱ्यांपैकी कोणाला हे माहीत असण्याचे कारण नाही.

लातूर जिल्हा झाला त्याच्या पुढचा तो उन्हाळा. नांदेडहून निघणाऱ्या एका दैनिकाने मला नव्या जिल्ह्याचा बातमीदार म्हणून पाठवले होते. मी मूळचा अर्धापूरचा. केळीच्या बागांत वाढलेल्या माणसाला पाण्याचा एकच आवाज ठाऊक असतो, विहिरीवरच्या इंजिनाची धडधड आणि पाटातून येणारी खळखळ. पाणी आहे म्हणजे आवाज आहे, आवाज नाही म्हणजे पाणी नाही. हे ज्ञान मी लातुरात घेऊन आलो.

गावात तेव्हा सगळीकडे रंगाचा वास होता. कचेऱ्यांच्या पाट्यांवरचे उस्मानाबाद खरवडून लातूर लिहिले जात होते. घाईत लिहिल्यामुळे उन्हात जुनी अक्षरे खालून दिसत. भाड्याच्या दुकानांत कचेऱ्या भरत होत्या. ट्रकमधून दफ्तरांचे गठ्ठे उतरत, शटर वर जाई, आत टाइपरायटर सुरू होई. माझे घरमालक गुरुशांत अप्पा भुसार मालाचे व्यापारी. कपाळावर विभूती लावून ओसरीवर बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "एका शिक्क्यासाठी धाराशिवला मुक्काम करायचो. डास चावून घ्यायचो. आता शिक्का दारात आलाय बघा." आनंद खरा होता. त्या आनंदाला जागा हवी होती. जिल्हा म्हटला की इमारत आली, इमारत म्हटली की सरकारी जमीन आली, आणि गावालगत सलग, मोकळी सरकारी जमीन एकाच ठिकाणी होती. तिच्यात तळ्याचे पाणी असे, एवढीच तिची अडचण होती.

त्या वर्षी पावसाने आमच्या भागात हात आखडला. संक्रांतीला तळ्याचा घाट उघडा पडला, होळीपर्यंत मधले बेट काठाला लागले. नांदेडहून निरोप आला, दुष्काळाच्या बातम्या पाठवा. मी सायकल काढली आणि तळ्याच्या बांधावर गेलो.

तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते. बांधावर बेशरमीची झुडपे, खाली भेगाळलेला चिखल, मध्ये काळपट ओल. एक म्हैस. लांब कोणीतरी वाकलेले. मी सायकलवरून उतरलोसुद्धा नाही. एक पाय जमिनीला टेकवून वहीत लिहिले आणि संध्याकाळी नांदेडच्या गाडीच्या कंडक्टरकडे पाकीट दिले. बातमीतले वाक्य असे होते: 'शहरालगतचे गवळी तळे पूर्णतः आटले असून तेथे जिवंत असे काहीही उरलेले नाही.' तळ्याकाठच्या वस्तीला टँकर मिळावा, हा हेतू होता. स्वतः पाहावे आणि पाहिले तेवढेच लिहावे, हा आमचा धडा होता. तो मी पाळला होता.

टँकर आला नाही. आठवड्याने मोजणीदार आला. साखळी, लाल झेंडे आणि फाइलमध्ये माझ्या बातमीचे कात्रण.

हे मला शेवंताबाईंकडून कळले. तळ्याच्या घाटावर धुणाऱ्या परीट बायकांपैकी त्या थोरल्या. माहेर देगलूरचे, बोलण्यात मधूनच तेलुगू शब्द येई. नवरा वारला होता. भट्टी, गाठोडी, गिऱ्हाइके सगळे त्या एकट्या सांभाळत. त्या दुपारी इस्त्रीचे कपडे डोक्यावर घेऊनच अप्पांच्या ओसरीपुढे उभ्या राहिल्या.

"पेपरवाले तुमीच का?"

"हो."

"तळ्यात जिवंत काय न्हाई म्हनून तुमीच लिव्हलं? सायबाच्या बाईसायबानं वाचून दाखिवलं मला."

"मी स्वतः जाऊन पाहिलं, मावशी."

"मी व्हते की तिथं. मी बी मेलेली दिसले का तुमाला?"

लांब वाकलेले ते माणूस मला आठवले.

"कवा आल्ता?"

"साडेबाराला."

त्या हसल्या. "दुपारच्याला कोन बोलतंय, दादा? तुमी बोलता का? हे आप्पा बगा, तोंड उघडं टाकून पडलेत. कुनी येऊन लिव्हलं, आप्पा वारले, तर?"

"जागा हाय मी, शेवंता," आतून अप्पा म्हणाले.

"जागे हाव तर मग आइका. तळं बुजलं की आमी धुवायचं कुठं? जिल्हा झाला तसे पांढरे कपडे वाढले. सायबाला धूळ चालत न्हाई. अन् पानी बी ठिवायचं न्हाई म्हनं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "उद्या पाटं या. सायकल लांब ठिवा. चपला बी."

दुसऱ्या दिवशी मी तांबडे फुटायच्या आत गेलो. बांधावरून उतरल्यावर शेवंताबाईंनी नुसता हात वर केला. थांब, असा. त्या चिखलात अनवाणी उभ्या होत्या. मी उभा राहिलो. पाच मिनिटे मला काहीच ऐकू आले नाही, म्हणजे मी ऐकत नव्हतो, वाट पाहत होतो. मग आवाज एकेक करून वेगळे झाले. बाभळीत बगळ्यांचे घशातले खाकरणे. पाणकणसाच्या वाळक्या पात्यांत पाणकोंबडी, आधी गुरगुर आणि मग लांबत जाणारे क्वाक क्वाक. ओलीच्या कडेने तुतवाराची बारीक शीळ, उडताना तीन तुकड्यांत. वाळता चिखल स्वतःही आवाज करीत होता. आत कुठेतरी बुडबुडा फुटे, भेगेच्या कडेची ढेपळी सुटून खाली पडे. पिवळसर पोटाचा एक धोबी पक्षी शेपटी हलवत घाटाच्या दगडावर चालत होता. शेवंताबाई कुजबुजल्या, "आमच्या जातीचं हाय. दगड सोडत न्हाई."

आणि मग बेडूक. एकच. टर्र असा नव्हे. लाकडावर लाकूड घासल्यासारखा, थांबून थांबून. शेवंताबाईंनी मान त्या बाजूला वळवली, चालत गेल्या आणि टिकावाने हातभर खणले. खड्डा काळा झाला, चमकू लागला. थोड्या वेळाने त्यात आभाळ दिसू लागले. असा झिरा त्या दर चार-पाच दिवसांनी नवा खणत. जागा त्या शोधत नसत, ऐकत.

"कप्प जिथं बोलतंय तिथं हातभर खाली पानी हाय," त्या म्हणाल्या. बेडकाला त्या कप्प म्हणत. "पानी सरकलं की कप्प सरकतंय. त्याच्यामागं मी. मोठे कप्प खाली झोपलेत, ते वेगळे. ते पानी यायची वाट बघून राहिलेत."

"किती खाली?"

"आता झोपलेल्याला उठवून इचारू का?"

त्यानंतर मी पंधरा-वीस दिवस रोज पहाटे आणि सूर्य कलल्यावर जात राहिलो. वहीत वेळ लिहायचो, आवाज लिहायचो, दिशा लिहायचो. आज ती पाने वाचली तर एखाद्या पोलीस ठाण्याच्या डायरीसारखी वाटतात. सहा वाजून दहा मिनिटे, टिटवी, नैर्ऋत्य, ओरडणे सतत. त्या टिटवीने लाल झेंड्यांच्या आतच, तळ्याच्या तळाशी, खडे आणि वाळक्या चिखलात अंडी घातली होती. चार. टोके आत वळवलेली. शेवंताबाईंनी ती पाहिली तेव्हा त्या कपाळाला हात लावून खाली बसल्या. टिटवी बांधावर, उंचावर अंडी घालते तेव्हा पाऊस भरपूर. तळात घालते तेव्हा पाऊस नाही. हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. तिला आपली पिल्ले बुडवायची नसतात, एवढाच त्यामागचा हिशोब.

"यंदा बी न्हाई," त्या म्हणाल्या. एवढेच.

मी नांदेडला दुरुस्तीची बातमी पाठवली. ती आली नाही. मग पोस्टात जाऊन ट्रंक कॉल लावला. संपादकांचा आवाज विहिरीतून यावा तसा येत होता. "तळे बोलते, ही बातमी नाही. पाणी किती फूट आहे ते सांगा."

"फुटात नाही. हातभर खाली आहे."

"जमिनीच्या खाली?"

"हो."

"मग आटलंय," ते म्हणाले, आणि तीन मिनिटे संपली. ते वाईट संपादक नव्हते. त्यांच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो, आणि पुढे त्यांच्या जागी बसल्यावर अनेकांना हेच म्हणालो.

शेवटी शेवंताबाईंना घेऊन मी जिल्हा कचेरीत गेलो. साहेब नवे होते, तरुण होते, त्यांचा शर्ट शेवंताबाईंनीच धुतलेला होता. त्यांनी आम्हाला बसायला सांगितले. कात्रण काढून टेबलावर ठेवले.

"हे तुम्ही लिहिलंय. आता तुम्हीच म्हणता ते चूक. मी कोणतं खरं धरू?"

"पहाटे सहाला येऊन ऐका, साहेब."

"ऐकेन. पण आवाज मी फाइलला लावू कसा?" हे त्यांनी चेष्टेने विचारले नव्हते. थोडा वेळ त्यांनी खरोखर विचार केला. मग म्हणाले, "स्थळपाहणी ठेवतो. पंच बोलावतो. जे असेल ते लिहू."

पाहणी सकाळी सहाला ठरली होती. जीप आली साडेअकराला, कारण मधे वरून फोन आला. जीपमध्ये साहेब, मोजणीदार, एक कारकून आणि पंच म्हणून अप्पा. शेवंताबाई पहाटेपासून तिथेच होत्या. नवा झिरा खणून, काठाला स्वच्छ माती लावून, पाहुणा यायचा असल्यासारख्या उभ्या होत्या. जीप थेट तळ्यात उतरली. चालकाने इंजिन चालूच ठेवले.

"आधी त्याचं तोंड बंद करा," शेवंताबाई म्हणाल्या, "मग बाकीच्यांचं आइकू येतंय."

"बॅटरी खलास हाय मावशी. बंद केली तर धक्का तुमी देनार का?"

"देते की. भट्टीची गाठोडी उचलते रोज, तुझं डबडं काय जड हाय!"

साहेब हसले. इंजिन बंद झाले. मग आम्ही सात जण उन्हात उभे राहिलो आणि ऐकू लागलो.

त्या वेळी जे ऐकले ते मी आजही सांगू शकतो. तापलेल्या बॉनेटचा टिक टिक आवाज. अप्पांचा श्वास. कारकुनाने कागद उलटला तो. गावातल्या पिठाच्या गिरणीचा पट्टा. टिटवीसुद्धा गप्प होती, पंख अर्धे पसरून अंड्यांवर सावली धरून उभी होती. शेवंताबाईंच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि त्या तो पुसत नव्हत्या. मग त्यांनी एक ओले धोतर उचलले आणि घाटाच्या दगडावर आपटले. एकदा, दोनदा, तीनदा. पहाटे त्यांच्या या थापांना बेडूक उत्तर देई. मी स्वतः ते ऐकले होते, वहीत तारखेसह होते. त्या थांबल्या. मान वळवून उभ्या राहिल्या. उत्तर आले नाही.

"ऊन उतरू द्या, सायेब. घटकाभर थांबा."

"मावशी, मला उदगीरला मीटिंग आहे हो."

"शेवंता," अप्पा हळू आवाजात म्हणाले, "बेडकाचा जिल्हा करायचा का मानसाचा?" त्यांच्या बोलण्यात टोचणी नव्हती. त्यांना खरेच वाटत होते की दोन्हींतून एकच होऊ शकतो.

कारकुनाने जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून पंचनामा लिहिला. पाहणीच्या वेळी तळ्यात पाण्याचा साठा आढळला नाही, पशुपक्ष्यांचा वा अन्य जिवांचा आवाज ऐकू आला नाही. झिरा 'मानवनिर्मित खड्डा' म्हणून नोंदला गेला. अप्पांनी सही केली. मग कागद माझ्यापुढे आला. दुसरा पंच आला नव्हता.

मी तो दोनदा वाचला. त्यात खोटे काही नव्हते. पाहणीच्या वेळी आवाज ऐकू आला नव्हता. खरे असेल त्याखाली सही करायची, एवढेच मला शिकवले होते. सही न करण्याचे कारण मला त्या क्षणी शब्दांत मांडता आले नाही, आणि शब्दांत न मांडता येणाऱ्या कारणावर माझा विश्वास नव्हता. मी सही केली.

"काय लिव्हलं?" शेवंताबाईंनी विचारले.

मी वाचून दाखवले.

"खरं हाय," त्या म्हणाल्या. "आत्ता न्हाई आवाज." मग म्हणाल्या, "पर आत्ता न्हाई म्हंजे कायमचं न्हाई व्हय, दादा?"

जीप सुरू होईना. शेवंताबाईंनी पदर खोचला आणि मागून खांदा लावला. शब्द दिला होता. मी आणि कारकून त्यांच्या दोन्ही बाजूंना. चिखलाच्या ढेपळांवरून आम्ही तिघांनी ती जीप बांधापर्यंत ढकलत नेली. तिथे ती खोकली, सुरू झाली आणि गेली. धूळ खाली बसायला बराच वेळ लागला. आम्ही दोघे बाभळीखाली बसून राहिलो. ऊन कलले तसा आधी बगळ्यांचे खाकरणे आले, मग पाणकोंबडी, मग झिऱ्याच्या कडेला लाकडावर लाकूड घासले गेले. शेवंताबाईंनी तिकडे पाहिले नाही.

मुरुमाच्या गाड्या वैशाखात सुरू झाल्या. पहिला चालक धर्माबादकडचा होता. शेवंताबाईंनी टिटवीच्या अंड्यांभोवती दगड मांडले होते. तो दोन दिवस दगडांना वळसा घालून गाडी नेत होता. तिसऱ्या दिवशी दुसरा चालक होता. टिटवी मुरुमाच्या ढिगावर बसून दिवसभर ओरडली. तिला दुपारी ओरडताना मी तेव्हाच ऐकले. मोठे बेडूक खाली किती खोल झोपलेले होते, ते कोणी विचारले नाही. मीही नाही. विचारून कुठे लिहिणार होतो?

पुढे काही वर्षे शेवंताबाई त्या इमारतीच्या फाटकापाशी, कडुनिंबाखाली इस्त्रीचा गाडा लावत. धुणे नळावर होई. मी गेलो की कोळशाची इस्त्री उचलून म्हणत, "या, पेपरवाले. आज काय मेलंय?" हे त्या हसून म्हणत. ते हसणे मला मान खाली घालूनच घ्यावे लागे. मग एका उन्हाळ्यात गाडा दिसला नाही. भावाकडे देगलूरला गेल्या, असे शेजारच्या पानवाल्याने सांगितले. मी देगलूरला बातम्यांसाठी पुष्कळदा गेलो. तिथे परीट आळी कुठे आहे, हे मात्र कोणाला विचारले नाही.

नंतरची वर्षे नांदेडच्या मुख्य कचेरीत गेली. दूरमुद्रकाची खडखड, फोन, चहावाल्याची हाक. ग्रामीण भागातून येणाऱ्या मजकुरात 'पूर्णतः' हा शब्द दिसला की मी तो खोडत असे. तरुण उपसंपादक आपसांत हसत. दुष्काळ आला की तो शब्द जास्त येई. कोणी विचारले तर मी सांगत असे, जागा वाचते.

निवृत्त होऊन लातुरात परतलो तेव्हा घर घेतले ते या इमारतीसमोर. स्वस्त होते, दुसरे काही कारण नव्हते. पावसाळ्यात खिडकी उघडी ठेवतो. पाऊस चांगला झाला त्या वर्षीही त्या आवारातून बेडूक ऐकू आला नाही. वाहनतळाच्या फरशीवर पाणी साचते, त्यात दिवे दिसतात, सकाळपर्यंत ते गटारात जाते. टिटवी मात्र अधूनमधून असते.

काल पहाटे, टँकर गेल्यावर, मी खाली उतरून फाटकापर्यंत गेलो. पहारेकरी निलंग्याकडचा आहे, घरी चार एकर कोरडवाहू. गावातल्यांनी पावसाआधीच, कोरड्या मातीत धूळपेरणी करून टाकली आहे, हा थांबला आहे. मला पाहताच तो खुर्चीतून उठला.

"काका, इकडं या. एक दाखवतो."

त्याने मला जिन्याने थेट गच्चीवर नेले. चौथा मजला. पाण्याच्या रिकाम्या टाक्यांमागे, दुरुस्तीच्या वेळी उरलेली बारीक खडी पसरली होती. टिटवी उडाली, आमच्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली. खडीत चार अंडी होती. टोके आत वळवलेली.

"बगा! किती उंच घातली!" त्याचा चेहरा उजळला होता. "आमचे आजोबा म्हनायचे, बांधावर घातली तर पानी चांगलं. ही तर पार माळवदावर. यंदा लई पाऊस, काका. मी आज घरी फोन करतो, पेरा म्हनून."

मी कठड्यापाशी गेलो. खाली फरशी, डांबर, फरशी. रस्त्यापलीकडे फरशी. टिटवीला उतरता येईल अशी उघडी जमीन मला त्या उंचीवरून कुठेच दिसली नाही.

"दोन दिवस थांब," मी म्हणालो.

"का वो?"

काय सांगायचे ते मला माहीत होते. कसे सांगायचे ते पंचनाम्याच्या दिवशीही आले नव्हते. पहारेकरी माझ्याकडे पाहत राहिला, मग अंड्यांकडे, आणि त्याने ठरवून टाकले.

"पेपरात द्या की काका हे," तो फोन काढत म्हणाला. "लोकांना धीर यील. तुमी तर सोता बघितलंय."